वाटणीची कळ

"आजपासून मानवजातीच्या इतिहासात एकही स्त्री एकटीने बाळंत होणार नाही!"

आरोग्यमंत्र्यांनी फलटणच्या 'सुखरूप' प्रसूती केंद्राच्या अंगणात, मांडवाखाली, दोन्ही हात वर करून असं जाहीर केलं, तेव्हा टाळ्यांचा इतका कडकडाट झाला की आतल्या खोलीत खरोखरच बाळंत होत असलेल्या बाईने "कोण मेलं ते?" असं ओरडून विचारलं. तिला उत्तर द्यायला खोलीत कोणीच नव्हतं. केंद्राच्या झाडून सगळ्या प्रसविका पुष्पगुच्छ धरून मांडवात उभ्या होत्या.

त्यांतल्या उज्ज्वला शेलारने तो आवाज ओळखला, आपला पुष्पगुच्छ शेजारी उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात कोंबला आणि आत धावली. म्हणून पुढचा प्रकार तिला पाहता आला नाही. सूत्रसंचालकाने मंत्र्यांना विनंती केली की प्रात्यक्षिक म्हणून साहेबांनीच पहिला पट्टा बांधावा. तत्क्षणी साहेबांना बारामतीचा कार्यक्रम आठवला. मांडव पाच मिनिटांत रिकामा झाला. पोलीस मात्र पुष्पगुच्छ घेऊन संध्याकाळपर्यंत उभा होता.

पट्ट्याचं नाव 'सहवेदना'. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. कळ म्हणजे दोन गोष्टी असतात. एक, गर्भाशयाचं आकुंचन. दुसरी, ते आकुंचन झाल्याची पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणारी बातमी. पाठीत इंजेक्शन दिलं की ही बातमी वाटेतच अडते आणि दुखणं थांबतं. पण मेंदूची समजूत होते की खाली विशेष काही चाललेलं नाही. तो ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सोडण्यात हात आखडता घेतो, आणि कित्येकदा बाळंतपण रेंगाळत बसतं. पट्टा बातमी अडवत नव्हता, निम्मी दुसऱ्याकडे वळवत होता. शेजारी बसलेल्या माणसाच्या कमरेला जोडपट्टा बांधला की तीच लहर त्याच्या कण्यात शिरायची, त्याचा मेंदू कळवळून उत्तर द्यायचा, आणि ते उत्तर पुन्हा आईच्या मेंदूकडे यायचं. आईच्या मेंदूला वाटायचं, आपलंच आहे. कंपनीने माणसाऐवजी संगणक जोडून पाहिला होता. संगणकाने दर वेळी अचूक उत्तर दिलं, आणि म्हणूनच आईच्या मेंदूने तो पकडला. तिथे हाडामांसाचा, घाबरणारा माणूसच लागत होता.

आणि नेमका तोच मिळेना.

पहिल्या वर्षी नवऱ्यांच्या कमरेत एकाएकी जुनी दुखणी निघाली. सासवांनी तर निकालच दिला. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा पट्टाही माहेरचाच. डिंकाचे लाडू जिथून येतात, तिथूनच कळा सोसणारं माणूस यावं, यात न समजण्यासारखं काय आहे? मग मुलींच्या आया पट्टा बांधायच्या. ज्यांना आई नाही त्यांच्या मावश्या यायच्या. एकदा एकीचा धाकटा भाऊ आला आणि पहिल्याच कळेला खुर्चीसकट आडवा झाला; त्याच्या कपाळाला घातलेले टाके बाळंतिणीच्या टाक्यांपेक्षा जास्त भरले.

ज्यांचं कोणीच यायचं नाही, त्यांच्यासाठी पट्टा उज्ज्वला बांधायची.

तिने यावर फार विचार केला नव्हता. ती प्रसविका होती. डॉक्टरला हाक न मारता, सुरी-कात्री न लावता, बाईच्या स्वतःच्या ताकदीवर बाळ बाहेर आणणं हा तिचा व्यवसाय होता. कमर चोळायची, चालवायचं, दोराला धरून उकिडवं बसवायचं, आणि सगळं आपसूक होईल असा चेहरा करायचा. पूर्वी ती बाईचा हात धरायची, आता पट्टा धरला, एवढाच फरक. संध्याकाळी घरी जाऊन, भिंतीला टेकत टेकत पोळ्या लाटायची. नवरा म्हणायचा, "तुझं बरं आहे बाई, तुला सवय झालीय." मुलगा टोरांटोला होता, तो रविवारी फोनवर म्हणायचा, "मॉम, टेक केअर." दोघांच्या बोलण्यात सहवेदना ओतप्रोत होती.

दोन-अडीच वर्षांनी शोधनिबंध आला.

कळ जाते तिच्याबरोबर आणखी काही जातं, असं त्यात म्हटलं होतं. आईच्या मेंदूत कळांमागोमाग जो संप्रेरकांचा पूर येतो आणि ज्यामुळे ते लालबुंद, सुरकुतलेलं गाठोडं तिला जगातलं सर्वांत देखणं वाटतं, तोच पूर पट्टा बांधणाऱ्याच्याही मेंदूत येतो. बाळाच्या बाजूने हिशेब तसाच. पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येतात. पट्टा बांधलेला माणूस कळेबरोबर कण्हतो, कळ ओसरली की सुस्कारा टाकतो. बाळाला दाबणाऱ्या लाटेशी त्याचा आवाज तंतोतंत जुळतो. जन्मल्यावर त्या आवाजाने बाळ चटकन गप्प होतं. नुसतं शेजारी बसून धीर देणाऱ्याला हे साधत नाही. त्याचा आवाज लाटेच्या जरा मागे किंवा जरा पुढे पडतो. थोडक्यात, जितकी कळ जाते तितका लळा जातो. आणि आईपाशी उरतो तो उरलेला.

शेवटचं वाक्य निबंधात अगदी खाली, बारीक टायपात होतं. वरची वाक्यं मात्र सगळ्या महाराष्ट्राने वाचली.

नवऱ्यांची कंबरदुखी रातोरात बरी झाली. सासवा म्हणू लागल्या, "पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणजे खटपट माहेरची. नातवंड आमचंच आहे!" केंद्राच्या दारात विहिणी-विहिणींची झोंबाझोंबी होऊ लागली. कंपनीने लोकभावनेचा आदर करून 'संयुक्त' नावाचं नवं मॉडेल काढलं. त्याला चार जोडपट्टे होते. चौघं आरामखुर्च्यांत बसून विव्हळत, त्यांना इलेक्ट्रॉल पाजावं लागे, त्यांचे पाय चेपावे लागत. आणि पाचवी, जिला पूर्वी बाळंतीण म्हणत, ती कॉटवर पडून छताकडे बघत बसे. तिला फारसं काही होतच नसे. बाळ छातीवर ठेवलं की ती त्याच्याकडे, शेजारणीने पाच मिनिटं सांभाळायला दिलेल्या मुलाकडे बघावं तसं, सभ्यपणे बघे. "छान आहे," म्हणे.

कंपनीच्या जाहिरातीत याला 'आराम' म्हटलेलं होतं.

उज्ज्वलाची गंमत वेगळीच झाली. शोधनिबंध वाचून तिला पहिल्यांदा कळलं की आठवडी बाजारात आपल्याला काय होतं. कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी कोणाच्या तरी कडेवरचं पोर दिसायचं आणि तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. पोरंही वळायची. तिने "मेथी कशी दिली?" एवढं विचारलं, की तीन दुकानं पलीकडे रडणारं एखादं लेकरू थबकायचं, हात पसरायचं. आधी आया हसायच्या. निबंध आल्यानंतर त्या पोरांचं तोंड पदराने, ओढणीने, एकीने तर पिशवीने झाकू लागल्या.

तक्रारी आल्या तेव्हा केंद्राचे व्यवस्थापक बोबडे तिला म्हणाले, "ताई, तुमच्या सेवेबद्दल केंद्र ऋणी आहे. पट्ट्यापासून मात्र आता लांब राहा. आणि बाजाराच्या दिवशी भाजीला जाऊ नका."

"मग भाजी?"

"ऑनलाइन मागवा. आणि ताई, रस्त्याने जाताना शक्यतो बोलू नका."

उज्ज्वला बोलेनाशी झाली. गावातली काही मुलं झोपत नाहीत, ती का झोपत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण एक शब्द बोललो तर ती झोपतील, हे घेऊन ती घरी मुकाट्याने कडधान्याची उसळ खायची.

शर्वरी पहिल्यांदा आली ती एकटी आली, हीच मुळात बातमी होती. आजकाल गरोदर बाई तपासणीला आली की मागे वऱ्हाड असे. शर्वरी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये यंत्रं दुरुस्त करायची. बोटांना ग्रीसचा वास, बोलणं मोजकं.

"ताई, मला पट्टा नको."

"आईचा पट्टा बांधावाच लागतो. बाळाचे ठोके त्यातच कळतात."

"तो बांधा. पण त्याला कोणाला जोडू नका. सगळ्या कळा मलाच पाहिजेत."

"घरचे?"

"सासूबाईंनी आरामखुर्ची बघून ठेवलीय. मम्मीने रजा टाकलीय. मल्हार, म्हणजे नवरा, रोज रात्री श्वासाचे व्यायाम करतोय. नणंद सिंगापूरहून जोडून घेणार आहे म्हणे." ती थांबली. "माझ्या बहिणीच्या वेळी चौघं होते. तिचं पोर आता दीड वर्षाचं आहे. ती त्याचं सगळं करते, ताई. वेळेवर करते. आणि मला विचारते, तूच सांग, यात आवडण्यासारखं काय असतं?"

उज्ज्वलाने तपासणीचा कागद बाजूला ठेवला.

"तुमच्या खोलीत तुमचा शब्द चालतो म्हणतात."

"चालतो."

"मग शब्द द्या. आणि हे बघा, त्या वेळी मी ओरडेन, शिव्या देईन, मीच म्हणेन की जोडा कोणालातरी. मी मागितला तरी पट्टा कोणालाही द्यायचा नाही."

"तिथपर्यंत पोचल्यावर सगळ्याच मागतात," उज्ज्वला म्हणाली. "एकीने मला सांगितलं होतं, तुम्ही बाळंत व्हा, मी घरी जाते."

शर्वरी हसली. उज्ज्वलाने शब्द दिला.

शर्वरीच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी वऱ्हाड सकाळीच आलं. पुढे सासूबाई पल्लवीताई, हातात मानेची उशी. मागे शर्वरीची आई कीर्ती, पोहे भरलेला डबा घेऊन. त्यांच्यामागे मल्हार, नाकाने श्वास घेत आणि तोंडाने सोडत.

"माझा पट्टा खिडकीकडचा," पल्लवीताई म्हणाल्या.

"असं कसं? पहिलं बाळंतपण आमचं!" कीर्ती म्हणाली.

"तुमचंच आहे हो. म्हणून तर पोहे तुम्ही आणलेत."

"कोणालाच पट्टा नाही," उज्ज्वलाने सांगितलं.

मल्हार श्वास सोडायचा विसरला.

"म्हणजे? ती एकटीच घेणार सगळं?" पल्लवीताईंना हे लबाडीचं वाटलं. "अहो, सगळ्यांचं मूल आहे! इतकं आप्पलपोटं असून कसं चालेल?"

"तिची तशी इच्छा आहे."

"तिला काय कळतंय? पहिलटकरीण आहे ती!"

"ऐका ना ताई," कीर्तीचा आवाज खाली आला, "माझंही नातवंड आहे. जावई परवानगी देतील तेव्हाच भेटणार. मला निदान थोडं तरी..." उज्ज्वलाला तिचं पटत होतं. पल्लवीताईंचंही थोडं पटत होतं. म्हणूनच तिने जास्त न बोलता दार लावून आतून कडी घातली.

आत काम सुरू झालं. उज्ज्वलाने शर्वरीला चालवलं, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, मोठ्या चेंडूवर बसवून डोलवलं, तिळाच्या तेलाने कमर चोळली. शर्वरी कळ आली की दात आवळायची आणि गेली की म्हणायची, "ही माझी." दुपार झाली. कळा लांबत गेल्या, मधली विश्रांती आटत गेली. ठोके चांगले होते, काळजीसारखं काही नव्हतं. फक्त ते होत होतं, आणि ते सगळं एकीलाच होत होतं. इतक्या वर्षांत उज्ज्वलाने हे पाहिलंच नव्हतं. पट्टा नसताना बाई कशी ओरडते, हे तीही विसरून गेली होती.

मग ती वेळ आली. शर्वरी दोराला लोंबकळली, तिचे पाय थरथरत होते, ओकारी आली होती, डोळे घट्ट मिटले होते.

"नाही जमत! ताई, घ्या! कोणीतरी घ्या!"

"आता थोडंच राहिलंय. तू सांगितलं होतंस ना?"

"ती बाई वेडी होती! घ्या कोणीतरी!"

दाराबाहेर तीन माणसं दाराला कान लावून उभी होती. उज्ज्वलाने एक हाक मारली असती तर तिघंही दार तोडून आत आली असती. तिने हाक मारली नाही. दिलेला शब्द तिला चांगला आठवत होता.

जोडपट्टा भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेला होता. उज्ज्वलाने त्याच्याकडे पाहिलं. पोरगी हातातून चालली आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं; ठोके समोर दिसत होते. दोन कळा हलक्या केल्या की हिला दम मिळेल, असंही सांगितलं. ते थोडंसं खरं होतं. आणि तिसरं जे होतं ते तिने स्वतःला सांगितलंच नाही, कारण तोवर पट्टा गाऊनखाली तिच्या कमरेला बसला होता, तिसऱ्या छिद्रात, तिच्या नेहमीच्या जागी.

कळ आली. उज्ज्वलाच्या कमरेतून तापलेली सळई गेली, आणि तिने शर्वरीच्या खांद्यात तोंड दाबून आवाज केला. किती महिन्यांनी! ती कळ ओसरताना तिला बाजार आठवला, कोथिंबीर आठवली, ओढणीखाली झाकलेली तोंडं आठवली. दोन कळा म्हणता म्हणता तिने शेवटपर्यंत पट्टा सोडला नाही.

मुलगी झाली. ओली, चिडलेली, डोक्यावर भरपूर जावळ. उज्ज्वलाने पट्टा सोडून खुंटीला लावला, हात धुतले आणि बाळ शर्वरीच्या छातीवर ठेवलं. शर्वरीने तिच्याकडे सभ्यपणे मुळीच पाहिलं नाही. ती हपापल्यासारखी पाहत होती.

"शेवटी जरा सोपं झालं, ताई."

"होतं तसं," उज्ज्वला म्हणाली. "जोर करायच्या आधी शरीरच विसावा घेतं." ही गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. कधीकधी होतं तसं.

मग दार उघडलं. पल्लवीताईंनी बाळ उचललं. बाळाने किंकाळी फोडली. कीर्तीने घेतलं, किंकाळी वाढली. मल्हारने घेतलं आणि श्वासाचा व्यायाम करून दाखवला. बाळ निळं पडायला आलं.

"मान धरा, मान," उज्ज्वला म्हणाली.

बाळ गप्प झालं. नुसतं गप्प नाही. मिचमिच्या डोळ्यांनी ते आवाजाच्या दिशेला वळलं आणि सुस्कारा टाकला.

असा सुस्कारा म्हणजे काय, हे एव्हाना फलटणमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"ह्यांनी घेतला!" पल्लवीताई म्हणाल्या. "आम्हाला दारात उभं करून ह्यांनी स्वतः घेतला!"

उज्ज्वलाने शर्वरीकडे पाहिलं. शर्वरी अजिबात दचकली नव्हती.

"मी ऐकलं होतं, ताई," ती म्हणाली. "दोघींचा आवाज येत होता. मला वाटलं, भास असेल."

"तू मागितलास..."

"मागितला तरी द्यायचा नाही, असं ठरलं होतं."

"मी कोणाला दिला नाही, शर्वरी," उज्ज्वला म्हणाली, आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कसं ऐकू येतं ते तिला कळलं.

बाकीच्यांना एवढ्या बारकाव्यात रस नव्हता. पल्लवीताईंचं म्हणणं असं होतं की केंद्र माहेरच्या गावातलं, तेव्हा प्रसविका माहेरची, म्हणजे जो लळा गेला तो माहेरच्या वाट्यातून गेला. सासरचा वाटा अजून शिल्लक आहे. कीर्ती म्हणाली, केंद्र तुम्हीच पसंत केलंत, आरामखुर्च्या बघून. मल्हार दोघींना आळीपाळीने विचारत होता, "पण मग मला किती राहिलं?" भिंतीवरच्या पडद्यावर सिंगापूरची नणंद उगवली आणि आवाज येत नाही, आवाज येत नाही, असं मोठमोठ्याने सांगू लागली. बोबडे धावत आले. त्यांनी प्रसंगाचं गांभीर्य ओळखून सुचवलं की उज्ज्वलाताईंचा आवाज ध्वनिमुद्रित करून दोन्ही कुटुंबांना समप्रमाणात देता येईल. बाळ झोपवायला उपयोगी पडेल.

"ताई, बोला काहीतरी," ते फोन पुढे करून म्हणाले.

बाळ पुन्हा रडायला लागलं होतं. एक शब्द पुरला असता. उज्ज्वलाने ओठ दातांखाली धरले.

शर्वरीने हात लांब करून मल्हारकडून बाळ घेतलं, छातीशी धरलं. ते रडतच राहिलं. ती त्याला रडू देत होती.

"सगळे जरा बाहेर जाता का?" ती म्हणाली.

एकेक करून सगळे निघाले. पल्लवीताई उशी घेऊन, कीर्ती तसाच भरलेला डबा घेऊन. बोबडे फोन चालूच ठेवून गेले. खोलीत फक्त तिघी राहिल्या. उज्ज्वला खुंटीपाशी उभी होती. आपल्याला काहीतरी विचारलं जाईल, शिवी दिली जाईल, निदान रडून दाखवलं जाईल, असं तिला वाटत होतं. अशा बायकांना कसं सांभाळायचं ते तिला येत होतं.

"ताई."

उज्ज्वला पुढे झाली. नुसती मान हलवून, आवाज न करता, तिने विचारलं, काय?

"जाताना तेवढं दार लावून घ्या," शर्वरी म्हणाली. "बाहेरून."